दुसऱ्या मजल्यावरचे १६ घनफूट

टाकी जिन्यात अडकली. पहिल्या मजल्याच्या वळणावर, नेमकी काकूंच्या दारात. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी काचेची पेटी चार माणसांनी पेललेली आणि जिन्याचं वळण जेमतेम तीन फुटांचं. काचवाल्यानं ती एकदा उभी करून पाहिली, एकदा तिरकी करून पाहिली आणि मग घाम पुसत म्हणाला, "हे नाय व्हायचं. खाली घेऊ. ब्लेडनं सिलिकॉन कापतो, पाच काचा सुट्ट्या वर नेऊ आणि वरच जोडू." तेवढ्यात दार उघडलं. काकूंनी ओले हात पदराला पुसले, टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती पाणी राहणार रे हिच्यात?"

"साडेचारशे लिटर."

"आणि ठेवणार कुठं?"

"हॉलमध्ये, भिंतीला लागून."

"म्हणजे माझ्या देवघराच्या डोक्यावर."

त्यांनी दार लावून घेतलं. नगरच्या सावेडीत, भिस्तबाग चौकापासून हाकेच्या अंतरावर आमची तीन मजली इमारत आहे. तिथं दुसऱ्या मजल्यावर मी मासे पाळतो, त्याला आता सात वर्षं होतील. या सात वर्षांत माशांविषयी जे शिकलो त्याहून जास्त पाण्याविषयी शिकलो. त्यातलंही निम्मं काकूंच्या त्या एका वाक्यात आधीच होतं.

चार गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे १६ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर. नगरच्या माणसाला (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगर) घनफूट शिकवावा लागत नाही. पावसाळ्यात इथलं वर्तमानपत्र उघडावं तर धरणांची चौकट असतेच. भंडारदरा इतके दलघफू, निळवंडे इतके, मुळा इतके. दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट. बारागाव नांदूरचं मुळा धरण २६ हजार दलघफूचं, म्हणजे २६ टीएमसी. इंग्रजांनी १९२६ साली पुरं केलेलं भंडारदरा ११ टीएमसीचं. चहाच्या टपरीवर दोन अनोळखी माणसंसुद्धा "मुळा किती झालं?" एवढ्यावर बोलायला लागतात. माझी टाकी त्याच मापातली आहे, फक्त पुढची शून्यं नाहीत. मुळा धरण काठोकाठ भरलं की त्यात अशा १६० कोटींहून जास्त टाक्या मावतात.

दुसरा हिशेब मात्र पोटात खड्डा पाडणारा आहे. अकोले तालुक्याच्या टोकाला घाटघर-रतनवाडीत पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि नगर शहराकडे येईपर्यंत तो पाचसहाशेवर येतो. पाथर्डी, पारनेर, कर्जत, जामखेडच्या गावांनी टँकर किती उन्हाळे पाहिले याची मोजदाद नाही. टँकरच्या गावात माणशी दिवसाला २० लिटर असं सरकारी माप आहे. माझ्या हॉलमधल्या शोभेच्या टाकीत बावीस माणसांचं एका दिवसाचं पाणी उभं आहे. पाहुणे टाकीचं कौतुक करतात तेव्हा हा आकडा मी सांगत नाही. मला तो विसरता मात्र येत नाही.

पण काकूंचा प्रश्न तहानेचा नव्हता, वजनाचा होता. मीही तोच प्रश्न घेऊन एका इंजिनिअर मित्राकडे गेलो. त्यानं पेन्सिल घेतली. पाणी ४५३ किलो. बारा मिलिमीटरच्या काचेचं वजन चौरस मीटरला ३० किलो, म्हणजे पाच काचांचे मिळून ९०. तळाला वाळू, खडे आणि दगड ५०. खाली लोखंडी अँगलचं स्टँड आणि प्लायवूड आणखी ६०. बेरीज साडेसहाशेच्या घरात. "आता हे उभं कशावर राहणार? आठ चौरस फुटांवर. म्हणजे चौरस मीटरला साडेआठशेच्या वर." मग त्यानं भारतीय मानक ८७५ चा दुसरा भाग काढला. राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला २ किलोन्यूटन, ढोबळ मानानं २०० किलो, वापराचा भार धरून आखतात.

माझा चेहरा पडलेला पाहून तो हसला. "घाबरू नको. ते २०० किलो साऱ्या खोलीभर धरलेत. बारा बाय दहाची खोली घे, सव्वादोन टन होतात. तुझी टाकी साडेसहाशे. साडेसहाशे म्हणजे दहा माणसं. सत्यनारायणाला तुझ्या हॉलमध्ये तीस बसतात की नाही?"

"बसतात."

"पण ती प्रसाद घेऊन घरी जातात. पाणी जात नाही." सगळी मेख इथं आहे. काँक्रीट आपल्याला दगडासारखं वाटतं, पण सततच्या वजनाखाली ते वर्षानुवर्षं सावकाश वाकत राहतं. रात्रंदिवस एकाच जागी बसलेलं वजन खोलीच्या मधोमध, स्लॅबच्या पोटावर ठेवायचं नाही. भिंतीलगत, बीमच्या डोक्यावर, शक्य तर कॉलमच्या जवळ ठेवायचं. गॅलरीत तर मुळीच नाही, कारण ती एका बाजूनं लटकलेली असते. घरमालकानं एखादी भिंत पाडून हॉल मोठा केलेला असेल, तर टाकीचा विचार करण्याआधी त्या भिंतीचा विचार करायचा.

यात एक गंमतीचा पेच झाला. घरच्यांनी ज्याला विचारलं त्या वास्तुवाल्यानं सांगितलं, पाणी ईशान्येला हवं. ईशान्येला आमच्याकडे नुसता स्लॅब आहे, खाली बीम नाही. इंजिनिअर म्हणाला पश्चिमेच्या भिंतीला. दोन दिवस घरात शीतयुद्ध चाललं. तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनीच निकाल दिला, "खाली काकू झोपतात. बीमवर ठेवा." ईशान्येला आता तांब्याचा एक गडू असतो, पाणी भरलेला.

काचा वर आल्या आणि जोडकाम सुरू झालं. स्टँड ठेवल्यावर काचवाल्यानं पहिली गोष्ट काढली ती पाणसळ. गवंड्याच्या पिशवीतल्या या पट्टीच्या नावातच पाणी आहे. फरशी डोळ्यांना सपाट दिसत होती, पण बुडबुडा एका अंगाला सरकला. चार फुटांत तीन मिलिमीटरचा उतार. "एवढ्यानं काय होतं?" असं मी म्हणालो, तर त्यानं उत्तर न देता एका पायाखाली पत्र्याची चकती सरकवली, मग टाकीच्या तळाखाली थर्माकोलचा शीट अंथरला. तळाच्या काचेखाली वाळूचा एक कण जरी राहिला, तरी साडेचारशे किलो त्या कणावर बोट ठेवतात आणि काच तिथून तडकते. थर्माकोल तो कण गिळून टाकतो.

मग सिलिकॉन. त्याला सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, कारण त्यातून ॲसेटिक आम्ल बाहेर पडत असतं. वास जाईपर्यंत पाणी भरायचं नाही. आठवडाभर आमचा हॉल लोणच्याच्या कारखान्यासारखा आंबलेला होता. टाकीत खरं काम काच करते असं आपल्याला वाटतं, पण काचवाला काचेकडे बघतच नव्हता. त्याची नजर सांध्यांवर. दोन फूट खोल पाणी चार फुटांच्या समोरच्या काचेला सव्वादोनशे किलोंनी बाहेर ढकलत असतं आणि हा रेटा पाणी किती आहे यावर नाही, खोल किती आहे यावर ठरतो. मागं टाकी असो की मुळा धरण, दोन फूट खोलीला काचेच्या दर फुटावर रेटा तेवढाच. म्हणून टाकी लांब केली तर काच बहुधा तीच चालते, उंच केली तर जाड घ्यावी लागते. आणि काच कितीही जाड असली तरी तिला धरून ठेवणारा असतो तो बोटभर रुंदीचा रबरी सांधा.

बर्लिनमध्ये एका हॉटेलच्या प्रवेशदालनात ॲक्वाडोम नावाचं प्रचंड गोल मत्स्यालय होतं. दहा लाख लिटर पाणी, दीड हजार मासे आणि मधून जाणारी लिफ्ट. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे ते फुटलं आणि पाणी दालन धुऊन रस्त्यावर आलं. तपासात ठामपणे एकच कारण हाती लागलं नाही, पण संशयितांच्या यादीत सांधा होताच. ती बातमी वाचून मी टॉर्च घेऊन माझ्या टाकीचे आठही सांधे तपासले होते.

पाणी भरलं, तरी मासे लगेच सोडायचे नसतात. नवं स्वच्छ पाणी माशाला मारतं, हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. मासा श्वासातून, विष्ठेतून अमोनिया सोडतो. अमोनिया म्हणजे त्याच्यासाठी विषच. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बेतात असलं तर चालतं. हे जीवाणू वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात घर करायला चार ते सहा आठवडे घेतात. कापड बाजाराकडच्या ज्या दुकानातून मी सामान घेतलं, त्या दुकानदारानं स्वतःच्या जुन्या फिल्टरचा काळपट, घाणेरडा स्पंज पिशवीत घालून दिला आणि म्हणाला, "धुवू नका हां. विरजण आहे ते." इतकं चपखल मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. दह्याला जसं आदल्या दिवशीचं दही लागतं, तसा टाकीला आधीच्या टाकीचा स्पंज लागतो.

आणि पाणी येतं कुठून? मुळा धरणातून, मुळानगरला उपसून, विळदचा चढ चढून वसंत टेकडीच्या टाक्यांत आणि तिथून नळाला. धरण खाली आणि शहर वर, त्यामुळे नगरला पाणी आपसूक येत नाही, चढवून आणावं लागतं. वाटेत कुठं वीज गेली की त्या दिवशीचं पाणी दुसऱ्या दिवशी. आमच्याकडे पाण्याचा वार असतो, एक दिवस आड. त्या दिवशी आधी पिण्याचं, मग वापरायचं आणि सगळ्यांत शेवटी माशांचा ड्रम भरतो. त्यातलं क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना जाळतं, म्हणून ड्रम उघडा ठेवायचा नाहीतर सोडियम थायोसल्फेटचे चार खडे टाकायचे. दुकानात त्याला अँटिक्लोर म्हणतात. पाणी आलंच नाही तर इमारतीचं बोअर आहे, पण काळ्या पाषाणातून आलेलं ते पाणी जड. बाष्पीभवनानं टाकी दोन बोटं उतरली आणि बोअरच्या पाण्यानं भरली, की काचेवर क्षाराची पांढरी रेघ उमटते. वर्षभरात अशा रेघा एकावर एक चढल्या की कळतं, किती वेळा मुळेचं पाणी आलं नाही.

जड पाण्याला न कुरकुरता जगणारा मासा म्हणजे गप्पी. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा बोटाच्या पेराएवढा जीव आपल्याकडे शोभेपेक्षा सरकारी कामाला जास्त ओळखला जातो. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही घोषणा भिंतीभिंतींवर रंगवलेली वाचत आम्ही लहानाचे मोठे झालो. काकूंच्या कुंडीजवळच्या सिमेंटच्या टाकीत माझेच गप्पी आहेत. डासांच्या अळ्या खाऊन फुकट राबतात.

उन्हाळा ही खरी परीक्षा. पाणी २० अंशांवर असतं तेव्हा त्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसात. म्हणजे ज्या महिन्यात मासा जोरात श्वास घेतो त्याच महिन्यात पाण्यातला श्वास कमी होतो. त्यात दुपारी वीज गेली की फिल्टर बंद. बंद डब्यातल्या फिल्टरमध्ये काही तासांत विरजणच गुदमरायला लागतं. वीज आल्यावर ते नासलेलं पाणी एकदम टाकीत येऊ द्यायचं नाही, आधी डबा रिकामा करायचा. आमच्याकडे इन्व्हर्टरवर एक पंखा, एक दिवा आणि माशांचा हवेचा पंप आहे. टीव्ही नाही. यावर घरात मतदान झालं होतं, मासे एका मतानं जिंकले.

अशाच एका वीज गेलेल्या संध्याकाळी मी पाय मोकळे करायला भिस्तबाग महालाकडे गेलो. हश्त बिहिश्त, म्हणजे आठ स्वर्ग. नगरकरांच्या जिभेनं त्याचं भिस्तबाग केलं आणि त्या नावानं आता चौक आहे, मेडिकल आहे, रिक्षाचा थांबा आहे. निजामशाहीतला हा अष्टकोनी महाल तलावाच्या मधोमध बांधलेला होता. शेंडी-वडगावच्या बाजूनं खापरी नळांतून पाणी यायचं. भिंगारच्या अंगाला फराहबागही तसाच. सलाबतखानानं १५८३ च्या सुमाराला तो पुरा केला, चारी बाजूंनी तलाव आणि त्यात कापूरवाडीचं पाणी. दोन्ही तलाव आज कोरडे आहेत. डोंगरगणजवळ मांजरसुंब्याच्या गडावर तर पाणी डोंगरावर चढवण्यासाठी मजल्यांची इमारत उभी केलेली आहे आणि वर पोहण्याचा हौद आहे.

म्हणजे या कोरड्या मुलखात उंचावर पाणी नेऊन त्याची शोभा करण्याची हौस माझ्यापासून सुरू झालेली नाही. त्या लोकांनी पाण्यात घर बांधलं, मी घरात पाणी ठेवलं. फरक एवढाच की त्यांच्या खाली कुणी राहत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, रात्री दीड वाजता मी पाणी प्यायला उठलो आणि टाकीच्या कोपऱ्याखाली थर्माकोल काळा दिसला. बोट लावलं तर ओलं. डाव्या उभ्या सांध्यातून केसाएवढी धार उतरत होती, आवाज न करता. फरशीवर काहीच नव्हतं, कारण सारं पाणी भिंतीच्या कडेच्या फटीत जिरत होतं.

खाली गेलो आणि काकूंची बेल दाबली. दार लगेच उघडलं. देवघरासमोर पितळी परात ठेवलेली आणि तिच्यात टप, टप.

"बारापासून जागीच आहे," त्या म्हणाल्या. "तुला उठवावं की नको, तेच कळेना. उन्हाळ्याची झोप लागत नाही कुणाला."

मला शब्द सुचेनात. मी म्हणालो, आत्ता पाईप टाकून सगळं पाणी मोरीत सोडतो, अर्ध्या तासात टाकी रिकामी.

"मोरीत?" काकू पहिल्यांदा चिडल्या. "उद्या पाण्याचा वार नाही, माहीत आहे ना? पाईप खाली सोड माझ्या गॅलरीत."

मग त्या रात्री आमच्या इमारतीत जे झालं ते खापरी नळांच्या कारागिरांना ओळखीचं वाटलं असतं. मासे दोन ड्रममध्ये, हवेचा पंप त्यांच्याजवळ. पाईपचं एक टोक टाकीत, तोंडानं ओढून धार सुरू केली आणि दुसरं टोक खालच्या गॅलरीत काकूंच्या हातात. ना मोटर, ना वीज. पाणी वर आहे आणि जागा खाली आहे, एवढंच पुरतं. पिण्याचे हंडे सोडून काकूंच्या घरातलं प्रत्येक भांडं भरलं. ड्रम, बादल्या, घमेली, धुण्याचा टब, शेवटी ती परातसुद्धा. तरी उरलं ते पहाटे तळमजल्याच्या कण्हेरीला. त्यातलं नायट्रेट म्हणजे झाडांना खतच. दोन आठवड्यांनी काकूंच्या मोगऱ्याला असा बहर आला की त्यांनीच मला हाक मारून दाखवला.

तेव्हापासून माझी दर रविवारची पाचवा हिस्सा पाणी बदलायची रीत बदलली. नव्वद लिटर मोरीत जात नाहीत, पाईपनं खाली जातात. हिवरे बाजार गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं, किती पडलं, किती मुरलं, त्यावर कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतं. ते पाहून मीही एक वही घातली. किती भरलं, किती उडून गेलं, किती खाली गेलं. वहीमुळे टाकी काही निर्दोष होत नाही, पण तिच्यात किती पाणी खपतं ते लपत नाही.

कमी पावसाच्या वर्षी ऑक्टोबरात आमच्या जिल्ह्यात एक जुनं भांडण पेटतं. पैठणचं जायकवाडी १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर नगर-नाशिकच्या वरच्या धरणांनी खाली पाणी सोडायचं. २००५ च्या कायद्यानं समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं, २०१३ च्या मेंढेगिरी अहवालानं त्याचे आकडे बांधले, २०१६ मध्ये उच्च न्यायालयानंही त्यावर निकाल दिला. तरी दुष्काळी साल आलं की रस्ते अडवले जातात. मी नगरचा, आमच्या धरणातून पाणी सुटतं तेव्हा मलाही टोचतं. पण जिन्यावरून खाली उतरताना मला हल्ली वेगळं काहीतरी आठवतं. मुळेच्या पाण्याच्या बाबतीत जायकवाडीसाठी मी वरचा असेन, पण तेच पाणी विळदचा चढ चढून नळाला येतं, तेव्हा त्या नळाच्या टोकाला मी खालचाही आहे. वरचा कोण आणि खालचा कोण, हे आपण कुठल्या मजल्यावर उभे आहोत त्यावर ठरतं.

जे खाली सोडतो ते कुणाच्या तरी अंगणात जातंच. शोभेच्या टाकीतला काच चाटणारा सकर मासा लहानपणी दोन बोटांचा असतो, मग हातभर होतो. कंटाळलेली माणसं त्याला "जीवदान" म्हणून नदीत सोडून येतात. आज उजनी धरणाच्या पाण्यात तो इतका झालाय की कोळ्यांच्या जाळ्यात विकायचा मासा कमी आणि जाळं फाडणारा हा काटेरी पाहुणा जास्त. उजनीच्या फुगवट्याचा एक काठ आमच्या कर्जत तालुक्याला लागतो. माझ्याकडे दोन सकर होते. त्यांना नदी दाखवली नाही, दुकानदाराला परत दिले. नव्वद रुपये तोटा.

गेल्या दिवाळीआधी मी काकूंच्या छताला रंग लावून द्यायचं ठरवलं. चार वर्षं लांबलेलं काम. रंगारी आला, शिडी लावली, देवघरावरच्या बशीएवढ्या पिवळट डागावर पुट्टी फिरवणार, तोच काकूंनी खालून हाक दिली.

"तेवढं सोड."

मी म्हणालो, काकू, अहो त्यासाठीच तर आणलाय त्याला.

त्यांनी मला शिडीवर चढायला लावलं. जवळून पाहिलं तर डागाभोवती शिसपेन्सिलीची बारीक रेघ होती, बाहेर तारीख. रेघेच्या आत आणखी एक रेघ, तिची तारीख वेगळी. दर दिवाळीच्या साफसफाईला त्या कुणाला तरी शिडीवर चढवून डाग मोजून घेत होत्या. इंजिनिअर भिंतीच्या तड्यावर तारीख टाकून ठेवतात, धरणाच्या भिंतीवर फुटांच्या खुणा असतात, तसंच.

"रंग दिला तर कळणार कसं, वाढला का ते?" त्या म्हणाल्या. "चार वर्षं झाली, रेघेच्या बाहेर गेला नाही. असाच राहू दे."

रंगाऱ्यानं उरलेलं छत पांढरं केलं. मी वर गेलो, टॉर्च घेतला आणि आठही सांधे पुन्हा पाहिले.